एक पायरी वर

शाळेत चिठ्ठ्या निघाल्या त्या दिवसापर्यंत सविताला लीलाबाईचा कधी हेवा वाटला नव्हता. हेवा करावा असं लीलाबाईकडे होतं तरी काय?

दोघी चुलत जावा. लीलाबाई थोरली, सविता धाकटी. वडिवळ्याच्या धरणाखालच्या अंगाला त्यांची वाडी, आणि वाडीत दोघींची घरं मधल्या एकाच भिंतीला खेटून उभी. भाताची खाचरं दोघींकडेही तुकड्यातुकड्यांचीच, वर्षाचा तांदूळ निघाला की संपलं. पण सविताच्या नवऱ्याला, संदेशला, तुंगार्लीच्या एका बंगल्याची राखण मिळालेली. शनिवार-रविवारी बंगल्यावर मुंबईची माणसं यायची आणि सोमवारी संदेश घरी यायचा तेव्हा मोटारसायकलला पिशवी लटकलेली असायची. उरलेला पाव, अर्धवट बिस्किटांचे पुडे, कधी न फोडलेलं तेलाचं पाकीटसुद्धा. लीलाबाईचा नवरा गेणू मात्र कमरेतून गेलेला. उभ्यानं करायचं काम झेपत नव्हतं आणि बसून करायचं काम वाडीत कुणाकडे नव्हतं. लीलाबाई एकटी दुसऱ्यांच्या लावणीला, काढणीला जायची, आणि आठवड्यातून दोनदा तरी वाटी घेऊन सविताच्या दारात उभी राहायची.

"सविता, साखर हाय का गं थोडी?"

सविता द्यायची. तिनं हात कधी आखडला नाही. वाटी शिगोशीग भरायची आणि वर म्हणायची, "असू द्या अक्का, परत कशाला करताय?" एवढं म्हणताना तिला फार बरं वाटायचं. आपल्यापेक्षा कमी असलेलं कुणीतरी आहे आणि ते भिंतीच्या पलीकडेच आहे, हे थंडीत शेकोटीजवळ बसल्यासारखं असतं. शेकोटी विझेपर्यंत तिची ऊब कळत नाही.

तळेगावची एक संस्था वाडीत आली ती दिवाळीनंतर. कौमुदी मॅडम म्हणून एक पन्नाशीच्या बाई होत्या, सुती साडी आणि पायात बूट. त्यांची माणसं आधी घरोघर फिरून गेली आणि ज्यांच्या दावणीला दुभतं जनावर नाही अशा घरांतल्या बायांना एके सकाळी शाळेत बोलावलं. मॅडमनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

"गरिबी कशानं हटते यावर मोठमोठी माणसं भांडत बसलीत. कुणी म्हणतं हातात पैसे द्या, कुणी म्हणतं काहीतरी शिकवा. आमचं म्हणणं असं, की एक चांगलं जनावर द्यावं, ते कसं सांभाळायचं ते दाखवावं आणि वर्ष-दीड वर्ष पाठीशी उभं राहावं. पण आमचं म्हणणं खरं की खोटं हे पडताळायला नको का? म्हणून निम्म्या घरांना म्हैस मिळेल, निम्म्यांना नाही. कुणाला द्यायची ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. आणि कसं चाललंय हे मात्र आम्ही दोघांनाही येऊन विचारणार."

मागं बसलेली यशोधरा उठली. तिचा नवरा भोसरीला कामाला म्हणून गेला होता आणि हळूहळू त्याचे पैसे आणि फोन दोन्ही यायचे बंद झाले होते. पदरात दोन पोरं. ती सहसा बोलायची नाही, पण त्या दिवशी बोलली. "ज्यांना न्हाई मिळनार, त्यांनी कशापायी उत्तरं द्यायची?"

"कारण फरक पडला असं दिसलं, तर पुढचा टप्पा तुमच्याच वाडीत," मॅडम म्हणाल्या. "उरलेल्या प्रत्येक घराला."

चिठ्ठ्या काढायला वाडीतले सगळ्यांत जुने आबा बोलावले. त्यांना धड दिसत नव्हतं, त्यामुळे लबाडीची शंका घ्यायला कुणाला जागा नव्हती. आबा डब्यात हात घालायचे, मॅडम नाव वाचायच्या, टाळ्या पडायच्या. सविता डोळे मिटून कार्ल्याच्या एकवीरा आईला साकडं घालत होती. लीलाबाईचं नाव निघालं तेव्हा तिनंही टाळ्या वाजवल्या, अगदी मनापासून. डब्यात अजून चिठ्ठ्या होत्या ना! मग मॅडम म्हणाल्या, "झालं," आणि उरलेल्या चिठ्ठ्या त्यांनी पर्समध्ये टाकल्या.

घरी जाताना लीलाबाई पदरानं डोळे पुसत होती. "मला न्हाई गं जमायचं एवडं मोटं जनावर. तुझा हात लागंल."

"मी हायच की अक्का," सविता म्हणाली. तिचं तोंड कडू पडलं होतं, कारलं चावल्यासारखं.

म्हैस टेंपोतून उतरली तेव्हा सगळी वाडी बघायला लोटली. मुऱ्हा जातीची, काळी कुळकुळीत, शिंगं जिलबीसारखी वळलेली, आणि गाभण. लीलाबाईनं तिच्या पायांवर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं. सविता पुढं होऊन जनावर न्याहाळत होती. दात बघितले, कास बघितली, खोट कुठं सापडते का ते बघितलं. "नजर काय बरी वाटत न्हाई हिची," ती शेवटी म्हणाली. "असली जनावरं लाथा झाडत्यात."

म्हशीनं कधी लाथ झाडली नाही. होळीच्या सुमाराला ती व्याली. वगार झाली. वगार म्हणजे मादी, उद्याची दुसरी म्हैस. लोक म्हणाले, लीलाबाईचं नशीब पालटलं. तिसऱ्या दिवशी लीलाबाई ताटली घेऊन सविताच्या दारात आली. ताटलीत खरवस, वर वेलदोड्याची पूड.

"पैला तुला," ती म्हणाली. "ह्यांनाबी अजून दिला न्हाई."

भिंतीच्या त्या अंगाकडून या अंगाला काही खायला आलं असं इतक्या वर्षांत झालं नव्हतं. सवितानं ताटली घेतली, फळीवर ठेवली आणि लीलाबाई गेल्यावर तिच्याकडे बघत बसली. कुत्र्याला घालावा असं तिच्या मनात होतं. तेवढ्यात लेक मानसी शाळेतून आली आणि तिनं उभ्या-उभ्या सगळा संपवला.

"आई, काय भारी झालाय! तू घेतलास का?"

"मला खोकला हाय."

आता ताटली रिकामी परत कशी करायची? रीत असते. सवितानं सगळे डबे धुंडाळले. साधं काही चालणार नव्हतं, खरवसाच्या वरचढ काहीतरी हवं होतं. शेवटी बंगल्यावरून आलेले मूठभर बदाम सापडले, मानसीच्या परीक्षेसाठी राखून ठेवलेले. ते तिनं ताटलीत ओतले आणि परत नेऊन दिले. लीलाबाई म्हणाली, "अगं, कशापायी एवडं?" आणि सविताला क्षणभर पुन्हा जुन्यासारखं बरं वाटलं.

पण वाटी यायची बंद झाली ती झालीच. पहिल्यांदा सविता म्हणाली, बरं झालं, पीडा गेली. मग तिला करमेना. एखाद्या दिवशी तीच भिंतीआडून हाक घालायची, "अक्का, साखर हाय ना?" पलीकडून उत्तर यायचं, "हाय गं, पुष्कळ हाय." पहाटे पलीकडे चरवीत धार वाजायला लागायची आणि सविता अंथरुणात डोळे उघडे ठेवून ऐकत राहायची. लीलाबाई किटल्या घेऊन कामशेतला दूध घालायला जाऊ लागली. येताना रिक्षानं यायला लागली. बोलण्यात दुधाचं फॅट, म्हशीचं आंबोण, गुरांचा डॉक्टर असे शब्द आले. चालतानासुद्धा ती आता पाय उचलून टाकते, पूर्वी घासत चालायची, असं सवितानं संदेशला सांगितलं.

"चाल बी मोजतीस व्हय तिची?" संदेश हसला.

"हसू नका. दिसतंय ते सांगते."

वैशाखात लीलाबाईची वैरण संपली. सविताच्या परसात भाताच्या पेंढ्याची गंजी उभी होती, आणि सविताकडे ती खाणारं जनावर एकही नव्हतं. लीलाबाई आली. "पेंढा दे गं. फुकट नको, बाजारात जो दर असंल तो घे."

"अवो अक्का, आदी न्हाई का सांगायचं? ह्यांनी शब्द दिलाय एकाला."

शब्द कुणालाच दिलेला नव्हता. लीलाबाईनं कामशेतच्या पलीकडून टेंपो भरून पेंढा आणला. सविताची गंजी पावसाळ्यापर्यंत तशीच उभी राहिली आणि पावसात कुजून काळी पडली. लीलाबाई रोज तिच्या जवळून जायची. एक शब्द बोलली नाही. ती काही बोलली असती, भांडली असती, तर सविताला हलकं वाटलं असतं.

त्याच पावसाळ्यात तुंगार्लीचा बंगला विकला गेला. नव्या मालकानं गणवेशवाले राखणदार आणले आणि संदेश घरी आला. येताना पिशवी नव्हती. तो कधी लावणीला, कधी मंडप उभारायच्या कामाला जायचा, कधी नुसता ओट्यावर बसायचा. डाळ पातळ झाली, मग एक दिवसाआड झाली. सविता दार लोटून स्वयंपाक करू लागली. फोडणीचा वास पलीकडे गेला नाही तर पलीकडे काय समजतील, म्हणून कधीकधी ती नुसत्या तेलात लसूण तडतडवायची.

थंडी पडायला लागली तेव्हा संस्थेकडून उत्तरं टिपायला स्नेहल आली. तळेगावची, नुकतीच कॉलेज संपवलेली, हसऱ्या तोंडाची मुलगी. आधी ती लीलाबाईकडे बसली. भिंत अर्ध्या विटेची. सविता तिकडे कान लावून तांदूळ निवडत होती. प्रश्न ऐकू येत होते, उत्तरं ऐकू येत होती, कपबश्याही ऐकू येत होत्या. मग लीलाबाईचा आवाज आला, "मधल्या पायरीवर ठिव बाई. लय वर नको, दिष्ट लागंल."

थोड्या वेळानं स्नेहल सविताकडे आली.

"चहा टाकते," सविता म्हणाली.

"नको काकू, आत्ताच झाला. नुसत्या दुधाचा होता, पोट भरलं."

सवितानं पातेलं खाली ठेवलं. ठेवलं म्हणजे आपटलंच.

स्नेहलनं विचारलं, "गेल्या आठवड्यात घरात डाळ किती वेळा शिजली?"

"रोज," सविता म्हणाली.

"अंडी, मासे, मटण?"

"रविवारी असतंच की."

"कधी कुणाला उपाशी किंवा अर्धपोटी झोपावं लागलं?"

"उपाशी? आमच्या घरात?" सविता अशी हसली की स्नेहल ओशाळली.

"काकांचं काम?"

"चालू हाय."

परसात संदेश लाकडं फोडत होता. कुऱ्हाड मध्येच थांबली. मग पुन्हा चालू झाली.

शेवटी स्नेहलनं हातातल्या टॅबवर एक चित्र काढून दाखवलं. शिडीचं. "अगदी खाली वाडीतली सगळ्यात हलाखीची घरं आहेत असं समजा. अगदी वर सगळ्यात सुखाची. तुमचं घर कुठल्या पायरीवर आहे? बोट ठेवा."

सवितानं शिडी नीट पाहिली. तळाशी बोट ठेवायला हवं, हे तिला माहीत होतं. तळाशी नाही तर त्याच्या एक वर, त्याच्या पुढं नाही. तिनं मधली पायरी शोधली आणि तिच्या वरच्या पायरीवर बोट टेकवलं.

"नक्की?" स्नेहलनं विचारलं.

"नक्की म्हंजी? डोळं फुटलेत का माझं?"

स्नेहल गेल्यावर संदेश आत आला. "काम चालू हाय म्हनून कशाला सांगितलंस?"

"मग काय सांगू? नवरा घरी बसलाय म्हनून? पलीकडं सगळं ऐकू जातंय."

"जाऊ दे की ऐकू. वहिनी काय वैरी हायेत आपल्या?"

सवितानं तांदळाचं सूप पुन्हा पुढं ओढलं. वैरी असती तर सोपं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी नदीवर धुणं धुताना हाच विषय निघाला. खालच्या आळीत स्नेहल अजून जायची होती. बिनम्हशीच्या बाया काळजीत होत्या. एकजण म्हणाली, "उपाशी झोपलो हे परक्या पोरीला सांगायचं म्हंजी जीव जातो गं."

"मग सांगू नका," सविता म्हणाली. "म्हस मिळाली न्हाई म्हनून आपुन मेलो का? कळू दे त्यास्नी, म्हशीवाल्यांपरीस बिनम्हशीवाल्या बऱ्या हायेत म्हनून."

बाया हसल्या. बोलणं सगळ्यांना आवडलं. यशोधरा तेवढी हसली नाही. पिळलेलं लुगडं हातात धरून ती म्हणाली, "पन ताई, आपलं सगळं बरं हाय म्हटलं तर फुडं आपल्याला द्येतील का?"

"ते कुटले देतात गं! नुसतं टिपून न्हेत्यात. येकदा दिलं तेवडं दिलं."

सविता वयानं मोठी, बोलायला धीट, तुंगार्लीच्या बंगल्यावरच्या लोकांशी बोलून शहाणी झालेली. यशोधरेनं मान हलवली. त्या संध्याकाळी तिनं स्नेहलला सांगितलं, की पोरांना अंडी मिळतात, नवरा पैसे पाठवतो.

निकाल सांगायला कौमुदी मॅडम पुन्हा उन्हाळ्यात आल्या. शाळेचा तोच वर्ग, त्याच बाया. म्हशीवाल्यांनी मॅडमसाठी खवा आणला होता. मॅडमनी तो घेतला, पण त्यांचा चेहरा काही मोकळा नव्हता.

"तुमच्या वाडीतली गोष्ट तशी आनंदाचीच म्हणायची," त्या म्हणाल्या. "ज्यांना म्हैस मिळाली त्यांचं बरं चाललंय. आणि ज्यांना नाही मिळाली, त्यांचंही तितकंच बरं चाललंय. काही घरांचं तर जास्तच. म्हणजे म्हशीनं इथं काही वेगळं घडलं असं दिसत नाही. पैसा देणाऱ्यांचं म्हणणं पडलं, की जिथं फरक दिसतो तिथं पुढचा टप्पा न्यावा. औंढे गावातही आम्ही असंच केलं होतं, तिथं फरक दिसलाय. तेव्हा आता उरलेल्या म्हशी औंढ्याला जातील."

लीलाबाई गोंधळून इकडेतिकडे बघत होती. "असं कसं?" ती हलकेच म्हणाली. "माझं तर समदं बदललं की."

यशोधरा मान वळवून सविताकडे बघत होती. मग दुसरी बघायला लागली, मग तिसरी. कुणी बोट दाखवलं नाही, कुणी शिवी दिली नाही. सविता खाली फरशीकडे बघत राहिली. बाहेर पडताना यशोधरा तिच्या शेजारून गेली आणि एवढंच म्हणाली, "ताई, तुमी म्हनला व्हता, ते द्येतच न्हाईत म्हनून. औंढ्याला द्येत्यात की." तिच्या आवाजात राग नव्हता. हिशेब न जुळलेल्या माणसासारखा होता तो आवाज.

सविता घराकडे वळली, दहा-वीस पावलं गेली आणि परत फिरली. मॅडम जीपमध्ये बसत होत्या.

"म्याडम, माझी उत्तरं खोटी हायेत."

"म्हणजे?"

"डाळ रोज नव्हती. ह्यांचं काम सुटलंय. आन् शिडीवर बोट ठिवलं ते तर लयच वर. मीच बाकीच्यांना शिकवलं तसं सांगायला. यशोधरेच्या घरात बघा जाऊन, अंडी कुटली, मीठ-भाकर हाय."

मॅडम जीपमधून खाली उतरल्या. डोळे चोळले. "अहो सविताताई, लोक आमच्यापुढं गरिबी वाढवून सांगतात. तुम्ही कमी करून सांगितलीत? का?"

सवितानं उत्तर द्यायला तोंड उघडलं. समोरून लीलाबाई येत होती, हातात खव्याचा रिकामा डबा, पाय उचलून टाकत. सवितानं तोंड मिटलं.

मॅडमनी जीपचं दार लोटलं. मग म्हणाल्या, "मी कळवून बघते. पण खरं सांगते, आशा धरू नका. निकाल लागल्यावर उत्तरं बदलली तर कुणीही म्हणेल, आता म्हैस हवी म्हणून बोलतायत. आणि औंढ्याच्या बायांना शब्द गेलाय. त्यांच्या तोंडचं मी कसं काढू?"

जीप गेली. मॅडमनी खरंच कळवलं, पण त्यातून काही निघालं नाही.

वाडीत गोष्ट लपत नाही. दिवेलागणीच्या आधी लीलाबाई सविताच्या ओट्यावर येऊन बसली. संदेश उठून बाहेर गेला.

"माझ्या म्हशीपायी केलंस व्हय गं हे?"

सविता भाकरी थापत होती. थापतच राहिली.

"बोल की. पेंढा कुजवलास तवा मी म्हनलं, जाऊ दे, धाकटी हाय, येळ लागंल. पन त्या यशोधरेनं तुझं काय घोडं मारलं व्हतं?"

"माझं चुकलं अक्का."

"चुकलं ते हायच. मी इचारते, का?"

सवितानं परातीत हात तसेच ठेवले. "तुमी वाटी घेऊन यायच्या बंद झालात," ती म्हणाली, आणि हे बोलल्यावर तिला स्वतःलाच ते इतकं वेडगळ वाटलं की तिला रडू आलं.

लीलाबाई ओट्यावरून उठून चुलीजवळ येऊन बसली. मग म्हणाली, "वाटी घेऊन येताना मला काय व्हायचं, ते तुला म्हाईत हाय का? तुमच्या दाराशी यायच्या आदी मी पिंपळाखाली जाऊन उभी ऱ्हायची. कुनी बघत न्हाई ना ते बघायची. भावजी सोमवारी आले की मोटारसायकलची पिशवी मी खिडकीतनं बघायची. केवडी फुगलीय आज. मनात म्हनायची, फाटू दे येक दिवस. देवाशप्पत म्हनायची. तू शिगोशीग वाटी भरायचीस ना, तवा तर माझ्या अंगाची नुसती आग व्हायची. थोडी कमी भरली असतीस तर बरं वाटलं असतं."

सविता तिच्याकडे बघत राहिली. तिला वाटलं होतं, लीलाबाईला त्या वाटीचा आनंद व्हायचा.

तव्यावरची भाकरी करपली. लीलाबाईनंच ती उलथली. मग उठता उठता म्हणाली, "वगार वर्साची झालीय. दोन जनावरांची वैरण मला झेपत न्हाई. अर्धलीनं देते कुनाला तरी. ज्यानं सांबाळायची, त्याची निम्मी, व्याली की पैलं रेडकू माझं. आदी तुला इचारते. घरातली हायेस."

काळीभोर वगार, आईसारखी शिंगं फुटायला लागलेली, आपल्या परसात, आपल्या दाव्याला. दोन वर्षांत दूध. पहाटे भिंतीच्या या अंगाला चरवीत धार. तिला ती वगार इतकी हवी होती की तोंडाला कोरड पडली.

"यशोधरेला द्या," ती म्हणाली.

"तुला नको?"

"मला नको कोन म्हनतंय? पन तिला द्या."

लीलाबाईनं पुन्हा विचारलं नाही. आणखी एकदा विचारलं असतं, तर सविता हो म्हणाली असती.

त्याच आठवड्यात लीलाबाईनं संदेशला गाठलं. वाडीत आता म्हशी बऱ्याच झाल्या होत्या, दूध सगळं कामशेतच्या एकाच दुकानात जायचं आणि तो म्हणेल तो भाव. "भावजी, तुंगार्लीचा येक-येक बंगला तुमास्नी पाठ हाय. माळी, आचारी, समदे वळखीचे. मोटारसायकलवर दूध न्ह्याल का?" संदेशनं सविताला विचारलं. सविताचं पहिलं उत्तर होतं, "अक्काच्या म्हशीचं दूध माझ्या नवऱ्यानं व्हायचं?" दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बघा तुमाला वाटलं तर." तिसऱ्या दिवशी तिनं कॅन घासून उन्हात पालथे घातले.

यशोधरा वगार न्यायला आली ती सकाळची. दोन्ही पोरं मागोमाग. तिनं नवं दावं आणलं होतं, घरीच वळलेलं. वगार आधी हटून बसली, मग निघाली. पोरं नाचत पुढं पळाली. वाडीतल्या बाया दारादारांतून म्हणत होत्या, यशोधरेनं नशीब काढलं गं. यशोधरा सविताच्या दारापुढं थांबली, वाकली, पायांना हात लावायला गेली. सवितानं तिला मध्येच धरलं. "मला कशाला? अक्कांची हाय," ती म्हणाली.

"अक्कांनी सांगितलं, तुमी म्हनलात म्हनून," यशोधरा म्हणाली आणि वगारीला चुचकारत खालच्या आळीला लागली. काळी पाठ उन्हात चकचकत होती. वळणावर जाईपर्यंत सविता बघत राहिली. वगार दिसेनाशी झाली तरी बघत राहिली. आपण बोललो नसतो तर, हा विचार काही केल्या मनातून जाईना. ही पोरगी दोन वर्षांत किटल्या घेऊन कामशेतला जाईल, पाय उचलून टाकत चालेल, आणि आपण ते याच ओट्यावरून बघत बसू.

शेजारच्या ओट्यावर लीलाबाई उभी होती. तिनं सविताकडे तिरकं पाहिलं.

"पोटात दुखतंय का?"

"लय," सविता म्हणाली.

"दुखंल थोडं दिवस," लीलाबाई म्हणाली. "मला तर वगार देते म्हनलं तवापासनं दुखतंय."

सविताला हसू फुटलं, आणि ते आवरायच्या आत लीलाबाईलाही. आतून संदेश ओरडला, की दूध भरायचं की नाही, तुंगार्लीची माणसं चहाला खोळंबली असतील. दोघी जावा गोठ्याकडे गेल्या. लीलाबाईनं चरवी उचलली, सवितानं कॅनच्या तोंडावर फडकं धरलं, आणि दूध ओतताना ते किती भरतंय याच्यावर दोघींचीही बारीक नजर होती.